टोपीखालचा खटका

(अलिबाग येथे वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. बाकी भाषा बोलली गेली तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला गाठून विचारलं, की जुन्या कॅल्क्युलेटरच्या बटणांवर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? प्रश्न रास्त आहे. या जागेवर कादंबरीवर बोललं जातं, नाटकावर बोललं जातं, आणि ते ऐकायला आम्हीही मागच्या रांगेत बसतो. आजही समीक्षाच करायची आहे. फक्त समोर पुस्तक नाही, बोटाखालची कळ आहे. आणि कळीपेक्षाही, कळ ओळखण्याची जी एक रीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत हौशी लोकांमध्ये रुळली आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे. ती रीत आम्हीही पाळली, आणि तिच्यामुळे आमच्या हातून एक चांगली वस्तू गेली. ते पुढे सांगतो.

आधी शब्द. आपण सगळ्यालाच बटण म्हणतो. शर्टाला बटण, दिव्याला बटण, कॅल्क्युलेटरला बटण. आज तेवढ्यानं भागणार नाही. वर जे दिसतं, ज्याच्यावर आकडा किंवा अक्षर छापलेलं असतं, तिला टोपी म्हणू. टोपीच्या खाली जी यंत्रणा असते, जी दाबल्यावर विजेला वाट मिळते, तिला खटका म्हणू. उंदराच्या पिंजऱ्याला असतो तोच शब्द. घरातली म्हातारी माणसं दिव्याच्या बटणालाही खटकाच म्हणतात. टोपी आणि खटका मिळून झाली कळ. कळ दाबता येते, कळ काढता येते, आणि पोटातही येते. (हशा) अशा कळांची फळी म्हणजे कळफलक.

आता गोष्ट अशी, की टोपी आणि खटका यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नसतं. टोपी एक सांगते आणि खटका दुसरंच असतो. याचं आमच्या आवडीचं उदाहरण म्हणजे स्पेक्ट्रम. १९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा संगणक आला, त्याच्या कळा रबराच्या, खोडरबरासारख्या. लोकांनी नावं ठेवली. म्हणून १९८४ ला त्याचं स्पेक्ट्रम प्लस हे रूप काढलं, त्याला कडक प्लास्टिकच्या टोप्या. हेच प्लस भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन विकलं. पण वरची टोपी काढून बघा, खाली तेच. दोन प्लास्टिकचे पातळ पडदे, मध्ये भोक पाडलेला तिसरा, दाबलं की वरचा खालच्याला टेकतो. मेंब्रेन म्हणतात तेच. नुसती टोपी बदलून यंत्राला नवा जन्म मिळाला. तेव्हा टोपी बघून खटका ओळखणं म्हणजे मुखपृष्ठ बघून कादंबरीवर लिहिणं. तसं लिहिणारेही आहेत म्हणा.

बरं, मग हौशी लोक ओळखतात कसे? मुख्यतः दोन गोष्टींवर: रंग आणि आवाज. टोपी उचकटली की खटक्याचा मधला दांडा दिसतो. तो काळा, लाल, तपकिरी, निळा असा काही असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीनं १९८०च्या दशकात एमएक्स नावाची खटक्यांची मालिका काढली आणि दांड्याच्या रंगाला अर्थ दिला. काळा म्हणजे जड आणि सलग, मध्ये कुठे अडत नाही. निळा म्हणजे अर्ध्या वाटेवर टक् करणारा. झालं, तेव्हापासून 'निळा आहे का?' हा प्रश्न 'गोत्र कोणतं?' या चालीवर विचारला जातो.

आपल्याकडे या निळ्याची ओळख टीव्हीएस गोल्डमुळे. बँकेत, तिकीट खिडकीत, सोनाराच्या दुकानात तो जाडजूड, टकटक करणारा कळफलक तुम्ही पाहिलेला आहे, पाहिला नसला तरी ऐकलेला आहे. त्याच्या आत चेरीचे निळे खटके. जगात इतरत्र हौशी माणसं ज्या खटक्यासाठी वेगळे पैसे मोजत होती, तो आपल्याकडे कारकुनाच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी पडलेला होता, आणि कारकुनाला एवढंच माहीत, की 'हा मोडत नाही'. ही ओळख आम्हाला फार मोलाची वाटते. कारकुनानं खटका रंगानं ओळखला नाही, वापरून ओळखला.

पण रंगाचं पुढे काय झालं? २०१४च्या सुमाराला चेरीच्या मूळ रचनेचं पेटंट संपलेलं होतं, आणि चीनमधल्या अनेक कंपन्यांनी तोच अधिक चिन्हासारखा दांडा, तेच माप आणि तेच रंग उचलले. गॅटेरॉन, कैल्ह, आउटेमु वगैरे. त्यातले काही वाईट नाहीत, काही तर मुळापेक्षा गुळगुळीत चालतात. मुद्दा एवढाच, की आता निळा दांडा दिसला तर त्यावरून फक्त 'दांडा निळा आहे' एवढंच सिद्ध होतं. जपानच्या आल्प्स कंपनीच्या खटक्यांचं तर आणखी अवघड. त्यांचा दांडा अधिक चिन्हाचा नसतो, आडव्या आयताचा असतो. त्यांनीही रंगच वापरले, पण त्यांच्या रंगांचा अर्थ चेरीच्या रंगांशी जुळत नाही. आल्प्सचा हिरवा सलग, आल्प्सचा निळा टक् करणारा. शिवाय त्यांच्याही नकला झाल्या. तेव्हा रंगाचा कोश करायचा, तर प्रत्येक घराण्याचा वेगळा करावा लागेल. एकाच्या कोशानं दुसऱ्याचं घराणं वाचायला गेलं की फसगत.

ही फसगत कशी होते ते सांगतो. एका दुकानदारानं आम्हाला एक जुना कळफलक दिला, 'गोल्डच आहे, निळे आहेत' म्हणून. आम्ही एक टोपी काढली, निळा दांडा दिसला, खटक्याच्या डोक्यावर चेरीची अक्षरं दिसली. समाधान झालं. नोंदवहीत लिहिलं, वस्तू कपाटात गेली. वर्षभरानं साफ करायला सगळ्या टोप्या काढल्या. आणि तीन खटके वेगळे! रंग निळाच, पण जरा फिका, आणि डोक्यावर छाप दुसऱ्याच कंपनीचा. म्हणजे कुणीतरी दुरुस्ती केलेली. जुने खटके मेले म्हणून डाग काढून नवे बसवलेले. कोणते तीन? डी, ई आणि जे.

हौशी माणूस इथे काय म्हणेल? 'पीस खराब आहे, ओरिजिनल राहिला नाही.' किंमत पडली. आम्हीही आधी तेच म्हटलं, खोटं कशाला बोला. मग दोन दिवसांनी लक्षात आलं, की हे तीन खटके मेले ते काही उगाच नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याची ई झिजेल हे ठीक. पण जे? इंग्रजीत जे हे सगळ्यात कमी लागणाऱ्या अक्षरांपैकी एक. इंग्रजी लिहून जे मरणार नाही. मराठी लिहून मरेल. इन्स्क्रिप्ट मांडणीत जे च्या जागी र आहे. डी च्या जागी हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. आणि ई च्या जागी काना. र, हलन्त आणि काना. मराठीत एक पान लिहा आणि मोजा, या तिघांना किती वेळा हात लावावा लागतो ते.

आता कुणी म्हणेल, टंकलेखनाच्या जुन्या रेमिंग्टन सवयीतही र त्याच जागी येतो. बरोबर. आम्हीही तिथे अडखळलो. पण रेमिंग्टन पद्धतीत काना के वर असतो, उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. तशी सवय असती तर पहिला बळी के चा गेला असता, आणि के चा खटका मूळचाच होता, ठणठणीत. म्हणजे या फलकावर बसणाऱ्या माणसानं इन्स्क्रिप्ट शिकून घेतलं होतं. ती मांडणी १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवली, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आपल्या कचेऱ्यांतून फार थोड्यांनी ती मनापासून उचलली. बाकीचे रेमिंग्टनवरच राहिले, कारण परीक्षा त्यावर दिलेली, मिनिटाला तीस शब्दांचं सर्टिफिकेट त्यावर मिळालेलं. त्या थोड्यांपैकी एक बाई किंवा बाप्या इथे बसत होता. डाव्या हाताच्या मधल्या बोटानं काना आणि हलन्त दोन्ही दाबत, वर्षानुवर्षं. खटके मरेपर्यंत.

सांगा बघू, हा 'खराब पीस' आहे का? आमच्या मते त्या कळफलकावरचे हे तीन परके खटके हीच त्याची सगळ्यात वाचनीय जागा आहे. आणि जगातल्या हौशी नोंदींमध्ये त्यासाठी रकानाच नाही. रकाने आहेत: कंपनी, मॉडेल, दांड्याचा रंग, टोपीचं प्लास्टिक. भाषा कुठली लिहिली गेली, हा रकाना नाही. ज्यांनी रकाने आखले त्यांना तो प्रश्नच पडला नसणार. त्यांची एकच भाषा, एकच लिपी. त्यांना दोष देत नाही आम्ही. पण आपण त्यांचे रकाने जसेच्या तसे उचलावेत हे काही पटत नाही.

आता आवाज.

आवाजानं ओळखणं हा सगळ्यात मानाचा प्रकार समजला जातो. डोळे मिटून, एक कळ दाबून, 'हां, हा अमुक' असं म्हणणारे लोक आहेत. गाण्यातल्या कानसेनांसारखे. यात कौतुकाचं आहे, नाही असं नाही. पण समीक्षा करायची तर विचारलं पाहिजे, की आवाज कशाचा? चेरीच्या निळ्यात दांडा दोन तुकड्यांचा असतो. निळा दांडा आणि त्याच्यावर सैल बसलेला पांढरा कॉलर. दाबताना कॉलर अडतो, मग सुटतो आणि खाली आपटतो. तो टक्. वीज जोडणारी तांब्याची पातळ पट्टी बाजूला वेगळी, ती आपली शांतपणे टेकते. दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात, पण त्या दोन गोष्टी आहेत. कळ वर येताना तर त्या आणखी लांब पडतात. म्हणजे टक् हा निरोप नाही, निरोप पोहोचल्याची पावतीही नाही. पोस्टमननं दारात वाजवलेली घंटा आहे फक्त. पत्र पेटीत पडलं की नाही ते वेगळं.

याच्या उलट आयबीएमचा खटका. १९८१ला त्यांच्या पीसीबरोबर जो कळफलक आला आणि मग १९८५चा मॉडेल एम. त्यात टोपीखाली उभी स्प्रिंग असते. दाबत गेलं की ती एका क्षणी एकदम वाकते, छत्री उलटावी तशी. वाकताना खालची छोटी पट्टी ढकलते, आणि त्या ढकलण्यानंच अक्षर उमटतं. आवाज त्याच वाकण्याचा. इथे आवाज आणि काम एकच घटना आहे. आम्हाला विचाराल तर हा खटका खरं बोलतो. निळा गोड बोलतो.

पण हे झालं बंद खोलीतलं, कोरड्या हवेतलं मत. आता आपल्या किनाऱ्यावर या.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांची घरं नागाव, चौल, मुरूड पट्ट्यात आहेत त्यांना हे सांगायला नको, की खारा वारा कशाला सोडत नाही. खिडकीचे गज सोडत नाही, पंखा सोडत नाही, तिथे शेवयांसारखी तांब्याची पट्टी काय सोडणार. एखाद्या कळफलकाचं पोट उघडलं की आत ज्या पोलादी पत्र्यावर खटके बसवलेले असतात तो पत्रा तपकिरी झालेला दिसतो. स्पंजाचे खटके असतात एक प्रकारचे, कळ दाबली की स्पंजाला चिकटवलेली चंदेरी चकती खाली जाते आणि विद्युतभार बदलतो. की-ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन कंपनीनं खूप बनवले. कोरड्या हवेतसुद्धा तो स्पंज काही वर्षांनी झडतो. आपल्याकडे चार पावसाळ्यांत त्याची पेंड होते, बोटानं भुगा निघतो. म्हणजे जगभरच्या याद्यांमध्ये 'उत्तम स्पर्श' म्हणून वर बसलेला खटका इथे शेवटच्या बाकावर जाईल, आणि ज्याला नाकं मुरडतात तो पुढे येईल.

रबरी खटका घ्या. साधा सिटिझनचा सीटी-५१२, प्रत्येक दुकानात असतो तो. आत रबराचा घुमट, घुमटाच्या पोटाला कार्बनची काळी गोळी, ती खालच्या पट्टीला टेकते. हौशी लोक याला खटकाच म्हणायला तयार नसतात. पण रेवसच्या धक्क्यावर सकाळी जाऊन बघा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅल्क्युलेटर, ओला हात, खवले लागलेली बोटं, आणि हिशेब चुकत नाही. निळा खटका तिथे एक हंगाम काढणार नाही. आम्ही रबराची बाजू घेत नाही. रबराच्या स्पर्शात काही दम नाही, हेही खरंच. पण चांगलं-वाईट ठरवताना 'कुठे?' हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आणि या किनाऱ्यावर सगळ्यात टिकाऊ कोण? जे खटके चुंबकावर चालतात ते. दोन जाती. एक रीड. काचेची बारीक नळी, आत दोन लोखंडी पात्या, एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या. नळी दोन्हीकडून सील केलेली. कळीबरोबर चुंबक खाली येतं, पात्या चिकटतात. १९३६ साली बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवूड यांनी हे शोधलं, टेलिफोनसाठी. पुढे १९६०-७०च्या टेबलावरच्या इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरांमध्ये ते खूप वापरलं गेलं. दुसरी जात हॉल इफेक्टची. तत्त्व १८७९चं, एडविन हॉल यांचं. हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागानं १९६८च्या सुमाराला त्याचा कळफलक केला. त्यात काहीच कशाला टेकत नाही. चुंबक जवळ आलं की चिपला कळतं. टेकणंच नाही तर गंजणार काय.

हे चुंबकाचं अलिबागेत सांगायला आम्हाला विशेष बरं वाटतं, कारण आपल्या गावाचं चुंबकाशी जुनं नातं आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडणार हे नानाभाई मूस यांनी ओळखलं, आणि १९०४ साली ती मोजणी इथे अलिबागला आणली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका तुटू नये. जुनी ओळख आणि नवी ओळख काही काळ शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायची, ही रीत आम्हाला आमच्या नोंदवहीत फार उशिरा सुचली.

आता आमची चूक.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यात श्रीवर्धनपासून इकडे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. एका पतसंस्थेच्या जुन्या कचेरीचे पत्रे उडाले. आतलं सगळं भिजलं. लॉकडाऊनचे दिवस, माणसं नाहीत, कागद वाचवायचे की कपाटं, अशी वेळ. पंधरवड्यानं सामान बाहेर काढलं तेव्हा तिथल्या सचिवांनी आम्हाला निरोप धाडला, की तुम्हाला त्या जुन्या यंत्रांचं वेड आहे तर एकदा नजर टाका, मग भंगारात देतो. आम्ही गेलो. एक गोदरेजचा मराठी टाइपरायटर होता, तो घेतला; त्यात ओळखायचं काही नव्हतं. दोन साधे कळफलक. आणि एक मोठा टेबलावरचा कॅल्क्युलेटर, विजेवरचा, जुन्या पेटीएवढा. सचिव म्हणाले, 'मुंबईच्या गिरणीच्या हिशेबखात्यातून लिलावात आला होता म्हणतात, आमच्या आधीच्या काळातला.' पाठीमागची पट्टी गंजून अक्षरं गेलेली.

आम्ही चार-पाच कळा दाबल्या. आवाज नाही. मऊ. रुंद फिक्या टोप्या, काही पिवळ्या पडलेल्या. आम्ही म्हटलं, 'रबराचा आहे साहेब, जाऊ द्या.' एवढं एक वाक्य. सचिवांनी मान हलवली आणि तो ढिगावर गेला.

घरी आल्यावर रात्री बोटांना काहीतरी आठवत राहिलं. रबरी कळ मऊ असते, पण ती मध्येच खचते. घुमट कोसळतो, बोटाला ते जाणवतं. ही कळ खचली नव्हती. वरपासून खालपर्यंत सारखी, एकसंध गेली होती, तेलात बोट घालावं तशी. म्हणजे आवाज नाही एवढंच आम्ही ऐकलं, आणि स्पर्शानं जे सांगितलं ते ऐकलंच नाही. कान शाणा आणि बोट मुकं, अशी आमची गत. चौथ्या दिवशी वाहन मिळालं तेव्हा भंगारवाल्याकडे गेलो. त्यानं पेटी उघडून तांबं काढून घेतलं होतं. जमिनीवर काचेचा बारीक चुरा, आणि चुऱ्यात दोन-तीन अख्ख्या नळ्या, आत पात्या असलेल्या. तो माणूस म्हणाला, 'असल्या काचेच्या गोळ्यांना काय भाव नाय. पाहिजे तर घेऊन जा.' त्या नळ्या आमच्याकडे आहेत. त्यांना मल्टिमीटर लावून चुंबक जवळ नेलं, तर तिन्ही वाजल्या. वादळ, पाऊस आणि आधीची किती वर्षं ते देव जाणे, एवढं सगळं होऊन.

यंत्र कुठल्या कंपनीचं होतं ते आता कधीच कळणार नाही. आणि ते कळलं नाही याचं आम्हाला तितकं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की या किनाऱ्यावर, या हवेत, कुठला खटका टिकतो याचा सगळ्यात चांगला पुरावा आमच्यासमोर होता आणि आम्ही त्याला रबर म्हणालो. सचिवांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यांनी काय चूक केली?

तेव्हापासून आम्ही न उघडता नाव सांगत नाही. आणि उघडण्याआधी जे करता येतं ते करतो. त्यातलं एक इथे दाखवण्यासारखं आहे, म्हणून हे छोटं होकायंत्र आणलं आहे. कळीशेजारी ते ठेवायचं आणि कळ दाबायची. काटा हलला, तर आत एक तर लोखंड आहे किंवा चुंबक. स्प्रिंगसुद्धा काटा थोडा हलवते, तेव्हा लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. मग होकायंत्र दुसऱ्या बाजूनं धरायचं. लोखंड काट्याच्या दोन्ही टोकांना ओढतं. चुंबक एकाला ओढतं आणि दुसऱ्याला ढकलतं. ढकललं, की आत चुंबक आहे. पुढचं मल्टिमीटरनं. पाठीमागच्या दोन टोकांना लावून, वीज न देता, कळ दाबल्यावर वाजलं तर रीड. वाजलं नाही तर टोकं उलटी करून पुन्हा बघायचं, कारण वाटेत डायोड असेल तर तो एकाच बाजूनं जाऊ देतो. तरीही वाजलं नाही आणि खटक्याला तीन-चार पाय दिसत असतील, तर बहुधा हॉल. चुंबक नाही आणि वाजतही नाही, तर स्पंजाची चकती असण्याचा संभव. यात कानाचं काम शेवटी येतं.

(श्रोत्यांतून एक बाई: 'मी तहसील कचेरीत सव्वीस वर्षं टायपिंग केलं. आमच्याकडे आवाजावरूनच कळायचं कोण बसलंय. मग आवाज काहीच सांगत नाही असं कसं म्हणता?')

बाई, तुम्ही आम्हाला बरोबर पकडलंत. आवाज खटका कुठला ते नीट सांगत नाही, पण माणूस कुठला ते सांगतो, हे आम्ही बोलायला हवं होतं. आम्ही आवाजाला एकाच कामावर लावलं आणि त्यात तो कच्चा निघाला म्हणून त्याला काढून टाकलं. इन्स्क्रिप्टवाल्याचा आवाज डावा-उजवा, डावा-उजवा असा झुलत चालतो, कारण व्यंजन एका हाताला, मात्रा दुसऱ्या. रेमिंग्टनवाल्याचा तसा चालत नाही. तुम्ही कशावर करत होतात?

('रेमिंग्टन. शेवटची सात वर्षं इन्स्क्रिप्ट. नव्या साहेबांनी सक्ती केली. पहिले सहा महिने रडले.')

कळफलक कुठला होता, आठवतो?

('नाव नाही आठवत. काळा होता. हलन्ताचं बटण दोनदा बदललं, ते आठवतं.')

दोनदा! हे लिहून घेतो. व्याख्यान संपल्यावर जाऊ नका.

(श्रोत्यांतून एक तरुण पिशवीतून जुना कॅल्क्युलेटर काढून पुढे आणतो: 'आजोबांचा आहे. हा कुठला ते सांगा.')

आण. थांब, कळ दाबू नकोस, आम्हाला मोह होईल. (हशा) पाठीमागे चार स्क्रू आहेत, दोन गंजलेत. वाचनालयात बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का कुणाकडे? तोवर ते होकायंत्र इकडे द्या.